अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गावच्या शाळा



ऊसनोंदीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना पारावरची वडीलधारी मंडळी भेटतात. "कारभार पोरांच्या हाती दिला, आता आमचं काय काम?" असं म्हणतात. अशा वेळी महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात.

कर्व्यांचं नाव निघालं की हिंगण्याचा आश्रम नि १९१६ सालचं महिला विद्यापीठ सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. त्यांचा जन्म १८५८ चा. म्हणजे १९३६ साली वय अठ्ठ्याहत्तर. त्या वयात या गृहस्थाने महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळाच नव्हती, तिथे शाळा उघडायची, एवढंच काम. पेन्शन तुटपुंजी, त्यातून स्वतःची वर्गणी आधी घातली, मग दारोदार जाऊन थोडेथोडके पैसे गोळा केले. शिकलेल्या प्रौढांचं वाचन सुटू नये, हीही काळजी केली. (आपल्यातले कितीजण सातवीनंतर सहीपुरतेच लिहितात, ते पाहा!)

शाळेसाठीची पायपीट त्यांनी लहानपणीच सोसली होती. सहावीच्या परीक्षेला मुरूडहून डोंगर तुडवत साताऱ्याला गेले, आणि "वयाने लहान दिसतोस" म्हणून परत पाठवले गेले. १९५८ साली भारतरत्न मिळालं, तेव्हा वयाची शंभरी भरली होती.

आता आपल्याकडचं बोलू. गळीत हंगाम ऐन शाळेच्या दिवसांत येतो. ऊसतोड मजुरांची काही पोरं गावी आजी-आजोबांपाशी राहतात, तिथल्या हंगामी वसतिगृहात जेवतात. ती पोरं शाळेत टिकतात, त्यात त्या म्हाताऱ्या माणसांचा वाटा मोठा आहे. बाकीची आई-बापांबरोबर आपल्या फडावर येतात, नि दिवसभर धाकटं भावंड सांभाळत खोपीपाशी बसतात. शाळा हाकेच्या अंतरावर असते, पण परक्या गावात त्यांना तिथवर नेणार कोण? आई-बाप पहाटेच कोयता घेऊन निघालेले.

हे काम पारावरच्या मंडळींचं आहे, असं माझं स्पष्ट मत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात हे खरं, पण पोराचा हात धरून शाळेत पोचवायला समितीचं सभासदत्व लागत नाही. टोळी उतरली की मुकादमाकडून सहा ते चौदा वयाच्या मुलांची नावं घ्यावीत. दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, कायदा २००९ चा आहे. हेडमास्तरांनी कुरकुर केलीच, तर गट ऑफिसला कळवा. चिटबॉयकडे चिठ्ठी दिली तरी चालेल.