विश्लेषण : पैसे भरले, तरी ‘अपग्रेड करा’चा तगादा का?

मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, कफ परेडच्या मच्छीमार नगरात बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. अशाच एका दुपारी जाळं दुरुस्त करत बसलेल्या नाखवांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘‘८४ दिवसांचं रिचार्ज परवाच मारलंय. तरी ॲप उघडलं की आधी हेच, मोठा प्लॅन घ्या!’’ जाहिरात बंद करायची फुली इतकी बारीक, की इंजिनीअरिंगची चार वर्षं काढलेल्या मलाही ती दुसऱ्या प्रयत्नात सापडली.

जुन्या ग्राहकाच्याच मागे का?

नवा ग्राहक शोधायला खर्च येतो. तुमचा नंबर, पैसे भरायची पद्धत, वापर, प्लॅन कधी संपतो, हे सगळं कंपनीकडे आधीच असतं. स्वतःच्याच ॲपमध्ये जाहिरात दाखवायला जवळपास काही लागत नाही. मोजक्या लोकांनी ‘हो’ दाबलं तरी फायदाच.

कधी कधी तर हातातली सोयच महाग होते. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर भारतात १७ जून २०२५पासून पैसे भरणाऱ्यांनाही जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये जादा, असे दर तेव्हा ठरले. म्हणजे वर्षाच्या १,४९९ रुपयांचे थेट २,१९८.

‘डीएनडी’ लावलं तर?

अर्धंच काम होतं. १९०९ या क्रमांकावर नोंद केली की जाहिरातीचे कॉल आणि एसएमएस रोखता येतात. तरी आलेच, तर ‘ट्राय’च्या २०२५च्या सुधारित नियमांनुसार ७ दिवसांत तक्रार करता येते, आधी ही मुदत ३ दिवस होती. पण ॲपमधला बॅनर किंवा नोटिफिकेशन इंटरनेटवरून येतं, ते डीएनडीच्या जाळ्यात सापडत नाही.

मग नियम कुठला?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यातल्या १३ प्रकारांत ‘नॅगिंग’, म्हणजे काही विकत घ्यावं म्हणून पुन्हा पुन्हा भंडावून सोडणं, हाही आहे. ‘नको’ म्हणायची सोयच न ठेवता नोटिफिकेशन चालू करा म्हणून विचारत राहणं, हे उदाहरण तिथे दिलेलं आहे. गोची एवढीच की किती वेळा विचारलं म्हणजे ‘पुन्हा पुन्हा’, याचा आकडा त्यात नाही. त्यामुळे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट जमवून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा.

अँड्रॉइड फोनवर आणखी एक उपाय आहे. नोटिफिकेशन दाबून धरलं की सेटिंग उघडतं. तिथे ‘ऑफर्स’ हा वेगळा प्रकार असेल तर तेवढाच बंद करता येतो. नाखवांच्या फोनवर आम्ही तेच करून पाहिलं. त्या ॲपने ऑफर आणि रिचार्ज संपल्याची सूचना एकाच बटणाखाली ठेवली होती. हंगामात नंबर बंद पडला तर मासळी घेणाऱ्यांचे फोन लागणार नाहीत, म्हणून नाखवांनी ते बटण चालूच ठेवलं.