बोगमाळोची जुनी विमाने आणि न दिसणारे हात

करकंबच्या शिवारात ऊसतोड चालू असताना वरून विमान गेले, की आजही हातातला कोयता क्षणभर थांबतो. लहान मुले तर ते दिसेनासे होईपर्यंत बांधावरून पळत सुटतात. आपल्यापैकी बहुतेकांचा विमानाशी संबंध एवढाच. त्यात बसणे दूरच, ते हाताच्या अंतरावरून पाहायलाही मिळत नाही. लढाऊ विमान तर आपण पाहिले असेल ते कॅलेंडरवर, नाहीतर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात. म्हणूनच गोव्यातील एका संग्रहालयाची ओळख वाचक बंधू-भगिनींना करून द्यावीशी वाटते.

वास्को शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. नौदलाची सेवा करून निवृत्त झालेली विमाने आणि हेलिकॉप्टरे येथे उघड्या मैदानात मांडून ठेवली आहेत. शेजारीच दाबोळीचा विमानतळ आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या कारवाईत आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी पुण्याहून उड्डाण करून याच दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांची साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. पुढे दाबोळी नौदलाच्या ताब्यात आली. तेव्हा ही विमाने जेथे उभी आहेत ती जागाही इतिहासाचीच आहे.

वेरूळच्या नावाचे विमान

मैदानात सर्वात आधी नजर जाते ती सुपर कॉन्स्टेलेशन या अवाढव्य विमानाकडे. चार पंख्यांचे, लांबलचक अंगाचे आणि शेपटीवर एकाऐवजी तीन उभे पंख असलेले. हे मुळात युद्धासाठी बनलेले नव्हते. एअर इंडियाने ते प्रवासी विमान म्हणून घेतले होते आणि त्याचे नाव होते 'रानी ऑफ एलोरा'. एलोरा म्हणजे आपले वेरूळ! पुढे ते हवाई दलाकडे गेले आणि १९७६ साली समुद्रावर टेहळणी करण्यासाठी नौदलाकडे आले. साहेब लोकांना सातासमुद्रापार नेणारे विमान शेवटी समुद्राची राखण करू लागले.

वेरूळचे नाव वाचले की आपल्याला तेथील बौद्ध लेणी आठवणारच. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण लाकडी वासे बसवावेत तशा कमानी तेथे दगडातून कोरल्या आहेत. ते लेणे कोरणाऱ्या हातांची नावे आपल्याला कोणी सांगितलेली नाहीत. ही गोष्ट मनात ठेवूनच पुढची विमाने पाहावीत.

सी हॉक आणि तीन बॉयलर

यानंतर येते सी हॉक. एकच वैमानिक बसेल एवढे हे लहानसे जेट विमान. मुलांना दाखवावी अशी त्याची गंमत म्हणजे त्याचे पंख मधोमध दुमडून वर उचलले जातात. विमानवाहू जहाजाच्या पोटात जागा थोडी आणि विमाने अनेक, म्हणून ही सोय. शेपटीखाली एक आकडा असतो. जहाजावर उतरताना डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत हा आकडा अडकतो आणि भरधाव विमान थोडक्या अंतरात थांबते. एस.टी.ला ब्रेक लावायला जेवढा रस्ता लागतो, तेवढ्यात जेट विमान थांबवायचे, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

ही सी हॉक विमाने आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजावर, म्हणजे आय.एन.एस. विक्रांतवर होती. हे जहाज १९६१ साली नौदलात दाखल झाले. ४ डिसेंबर १९७१ रोजी बंगालच्या उपसागरातून याच जहाजावरच्या सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला चढविला. मग चितगाव बंदरावरही हल्ले झाले. सी हॉकच्या जोडीला अलिझे नावाची फ्रेंच बनावटीची विमानेही होती. ती मुळात पाणबुड्या शोधण्यासाठी. या विमानाच्या पोटातून रडारचा घुमट खाली सोडता येत असे. अलिझेही बोगमाळोला उभे आहे.

हा पराक्रम पुस्तकांतून वाचायला मिळतो. पण त्यामागची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. युद्धाच्या आधीच विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला भेग गेली होती. तो बॉयलर वापरता येत नव्हता. उरलेल्या तिघांच्या वाफेवर जहाज चालवावे लागले आणि त्याचा वेग बराच कमी झाला. आता कोणी विचारील, जहाज हळू चालले तर विमानाचे काय बिघडले? बिघडते! विमान सोडताना आणि उतरवताना जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून पळवावे लागते, तरच डेकवर पुरेसा वारा मिळतो. शिवाय विमानाला पुढे फेकणारे यंत्र वाफेवरच चालते. म्हणजे बॉयलर थकला की विमान डेकवरच बसले. वर आकाशात वैमानिक लढत होते, हे खरेच. पण जहाजाच्या तळाशी, आगीच्या उष्णतेत, ज्यांनी ते तीन बॉयलर युद्धभर धगधगत ठेवले, त्यांनी कोणती लढाई लढली नाही? त्या कामगार-सैनिकांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

आमचे एक नातेवाईक कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. ते म्हणत, "गाडी वेळेवर गेली तर ड्रायव्हरचं कौतुक, बंद पडली तर फिटरला बोलावणं." सी हॉकसमोर उभे राहिल्यावर त्यांचे हे शब्द आठवल्यावाचून राहत नाहीत.

हिंदुस्थानी बनावट

संग्रहालयात एच.टी.-२ हे दोन आसनांचे साधे, पंख्याचे विमानही आहे. शिकाऊ वैमानिक त्यावर हात बसवीत. १९५१ साली बंगळूर येथे ते पहिल्यांदा उडाले. भारतातच आराखडा करून कारखान्यात संख्येने तयार झालेले हे पहिले विमान. त्याचा आराखडा तयार करणारे डॉ. विष्णु माधव घाटगे हे मराठी गृहस्थ होते. परदेशी यंत्रांच्या गर्दीत हे छोटे विमान मुलांना आवर्जून दाखवावे. पुढे १९६४ साली नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. तेथे तयार झालेली मिग-२१ विमाने देशाने अनेक वर्षे वापरली. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन झालेल्या आपल्या आय.टी.आय.च्या मुलामुलींनी अशा कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवले पाहिजे. विमान म्हणजे फक्त वैमानिक, हा समज घरातूनच काढून टाकावा.

जहाज गेले, विमान राहिले

सी हॉकनंतर विक्रांतवर सी हॅरियर आले. जागच्या जागी उतरू शकणारे हे जेट १९८३ पासून नौदलात होते. मे २०१६ मध्ये तेही निवृत्त झाले आणि आज बोगमाळोच्या मैदानात आपल्या वडीलधाऱ्या सी हॉकच्या संगतीत उभे आहे. विक्रांत मात्र राहिले नाही. १९९७ साली निवृत्त झालेले ते जहाज काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होते. २०१२ मध्ये ते बंद झाले, २०१४ साली भंगारात विकले गेले आणि नंतर तोडले गेले. ज्या बॉयलरखोलीत ती धडपड झाली, ती आता कोणालाच पाहता येणार नाही. त्याच नावाचे नवे जहाज २०२२ साली नौदलात आले, ही आनंदाची गोष्ट. पण जुने मोडले की त्याबरोबर माणसांच्या आठवणीही मोडीत जातात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानांनाही गंज चढतो. कोणीतरी रोज त्यांची धूळ पुसतो, रंग देतो, म्हणून ती टिकून आहेत. तो कोणीतरीही पाटीवर नसतो.

करकंबहून जायचे तर पंढरपूरमार्गे मिरजेला यावे आणि तेथून वास्कोची रेल्वे धरावी. वाटेत दूधसागरचा धबधबाही दिसतो. वास्कोहून बोगमाळोकडे बस जाते. संग्रहालय सोमवारी बंद असते. दिवाळीच्या सुट्टीत चार घरांनी मिळून बेत केला तर खर्चही आवाक्यात राहतो.

बंधू-भगिनींनो, मुलांना तेथे जरूर न्या. विमानाजवळ फोटोही काढा. पण घरी परतताना त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा: "हे विमान कोणी उडवले, ते पाटीवर वाचलेस. ते उडण्याजोगे कोणी ठेवले?" आणि मग त्यांना घरातल्याच आजोबांचे, मामांचे, आईचे हात दाखवा. गिरणीत, रेल्वेत, कारखान्यात, फडात झिजलेले ते हात. त्यांची हकीकत वहीत लिहून ठेवायला सांगा. ती पाटी लावण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.