सीसीएन२ (जनुक)

सीसीएन२ हे मानवाच्या सहाव्या गुणसूत्रावरील एक जनुक आहे. त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनास पूर्वी संयोजी ऊती वृद्धी घटक (सीटीजीएफ) असे म्हणत. हाडांची वाढ व जखम भरून येणे यांसाठी हे प्रथिन महत्त्वाचे असते. मात्र जनुक दीर्घकाळ सक्रिय राहिल्यास ऊती ताठर होतात. सुपारीच्या सेवनाने तोंड उघडेनासे होण्याच्या विकारात याचा सहभाग आढळला आहे. अमरावती, अकोला व विदर्भाच्या अन्य भागांत खर्ऱ्याचे व्यसन प्रचलित असल्याने हा विषय तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

शोध व रचना

मानवी नाळेच्या शिरेतील पेशींपासून हे प्रथिन १९९१ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. ते ३४९ अमिनो आम्लांचे असून त्याचे चार भाग आहेत. सीसीएन कुलातील सहा प्रथिनांपैकी हे एक होय. पेशीबाहेरील आधारद्रव्यात राहूनही कोलॅजेनप्रमाणे ऊतीचा सांगाडा न बनता पेशींना संदेश पोहोचविणाऱ्या प्रथिनांना 'मॅट्रिसेल्युलर' ही संज्ञा पॉल बोर्नस्टीन यांनी १९९५ मध्ये सुचविली.

कार्य

सीसीएन२ पेशींच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन ग्राहींशी व अन्य वृद्धी घटकांशी जोडले जाते. त्यामुळे पेशींचे विभाजन, स्थलांतर, चिकटणे व कोलॅजेननिर्मिती यांवर परिणाम होतो. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पिल्लांत कूर्चेपासून हाड बनण्याची क्रिया बिघडते; बरगड्यांच्या विकृतीमुळे त्यांना श्वास घेता येत नाही व ती जन्मतःच दगावतात. प्रौढावस्थेत जखम झाल्यावर टीजीएफ-बीटा या घटकामुळे जनुकाची सक्रियता वाढते आणि जखम भरल्यावर ती ओसरते.

सुपारी व मुखविकार

खर्रा हा सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना पन्नीत घोटून तयार करतात. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य गालाच्या आतील फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये सीसीएन२ ची निर्मिती वाढविते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसून आले आहे. रोज सुपारी चघळल्याने ही उत्तेजना थांबत नाही. कोलॅजेन साचत जाते, श्लेष्मल त्वचा पांढुरकी व ताठर होते, तिखट सोसवत नाही आणि तोंड हळूहळू कमी उघडते. या विकारास मुखाचा सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याचे भारतातील वर्णन केले. पुढे काही रुग्णांत त्याचे कर्करोगात रूपांतर होते.

या विकाराचे मुख्य कारण सुपारी असल्याने केवळ तंबाखू वगळून साधी सुपारी खाणेही सुरक्षित नाही. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला मानवासाठी कर्करोगकारक ठरविले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. साचलेले कोलॅजेन सहसा पूर्ववत होत नसल्याने सुरुवातीच्या अवस्थेतच सुपारी सोडणे हा सर्वांत महत्त्वाचा उपाय मानला जातो.