परसदार, भाग 6 : झाड कुठल्या वाटेने पळतं?

गेल्या भागात कुंडीतल्या मातीबद्दल लिहिलं होतं. आज त्या झाडांबद्दल, जी लावायला मिनिट लागतं आणि काढायला वर्षं जातात. रोपवाटिकेत 'लगेच पसरतं, काही करावं लागत नाही' असं कौतुकाने सांगितलं जातं. ते ऐकलं की लगेच एक प्रश्न विचारावा: पसरतं म्हणजे कशाने? मुळाने, तुटक्या फांदीने, पाखराने की पाण्याने?

पसरणाऱ्या झाडांची बरीचशी भीती आपण परदेशी पुस्तकांतून उचलली आहे. तिथे पुदिना आणि बांबू हे खलनायक. इथे रोह्यासमोरच्या अष्टमी गावात आषाढात परसात पाणी तुंबलं की पुदिन्याची मुळं कुजतात, त्याला जगवण्याचीच पंचाईत होते. उन्हाळ्यात मात्र तो जमिनीखालून धावतो. त्यासाठी जुन्या बादलीचं बूड कापायचं, ती काठ चार बोटं वर ठेवून मातीत पुरायची आणि आत पुदिना लावायचा. बांबूची भीतीही अशीच उसनी. फरशीखालून डोकं वर काढणारे बहुतेक बांबू चीन-जपानकडचे. आपला माणगा बेट करून राहतो, त्याला उगाच घाबरू नये.

गफलत होते ती पुढे. कुंडीत लावलं म्हणजे झाड आवरलं, असं आपण धरून चालतो. कुंडी फक्त मुळं अडवते.

वेडेलिया घ्या. चकचकीत पानं, बारमाही पिवळी फुलं, उतारावरची माती धरून ठेवते, म्हणून बंगल्यांच्या बांधावर आणि सोसायट्यांच्या बागांत ती हटकून दिसते. मूळची मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची. तिचं प्रत्येक पेर मातीला टेकलं की मूळ धरतं. म्हणजे छाटणी हाच तिचा प्रसार. पाटीभर छाटण गडग्यापलीकडे टाकलं की आपलं परस स्वच्छ आणि नाला हिरवा. अष्टमीतला नाला शेवटी कुंडलिकेलाच मिळणार. नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. नगरपरिषद दोघांची एक आणि पावसाचं पाणीही जातं एकाच नदीत.

ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते, कारण भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला मिळतं. कोलाडची राफ्टिंग त्याच पाण्यावर चालते. पाणवनस्पतींना मात्र अशी नदी म्हणजे बाराही महिने सुगी. अंगणातल्या टाकीत जांभळ्या फुलांसाठी जलपर्णी सोडण्याची हौस म्हणूनच मला अजिबात मान्य नाही. अनुकूल पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. टाकीत कुमुदिनी लावा, ती काय कमी देखणी आहे?

पाखराच्या वाटेने जाणारी म्हणजे घाणेरी. 1809च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली आणि तिथून तिने देशभरची जंगलं गाठली. काळी फळं बुलबुल खातात, बी डोंगरात पडतं. तिचा पाला गुरांच्या यकृताला बाधतो, म्हणून गुरं सहसा तोंड लावत नाहीत. वईसाठी ती लोकांना आवडली ती याच गुणामुळे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेकडच्या तज्ज्ञगटाने 2000 साली जगातल्या उपद्रवी आक्रमक जीवजातींतल्या शंभरांची यादी काढली. त्यात घाणेरी आहे, जलपर्णी आहे, रानमोडी आहे आणि बंगल्यावरची वेडेलियाही आहे.

घाणेरी नुसती कोयत्याने छाटली तर ती दाट होऊन परत येते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा मार्ग दाखवला: जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि सगळं झुडूप उलटं करून ठेवायचं. खोड जिथून पुन्हा फुटतं, तो भाग त्यात मातीबाहेर येतो. काम फळं धरण्याआधी करावं, आणि नंतर पाखरांच्या बसायच्या झाडांखाली उगवलेली रोपं उपटत राहावं. वईला घाणेरीऐवजी निर्गुडी लावा, फुलांची हौस असेल तर कोरांटी.

वेडेलिया काढायचीच असेल तर मृगाच्या आधी, कडक उन्हात काढा. छाटण पत्र्यावर कोळपून कुरकुरीत होऊ द्या, मगच खड्ड्यात टाका. पाऊस लागला असेल तर काळ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, आतलं सगळं कुजेपर्यंत उघडू नका. ओलं छाटण गडग्यापलीकडे, नाल्यात किंवा नदीकाठी टाकू नका. शेजाऱ्याने हौसेने मागितलं, तरी त्याला वेडेलियाची फांदी देऊ नका.

पुढच्या भागात : निर्गुडीची वई कशी लावायची.