वचननाम्याचा हिशेब नेमका कोणाकडे मागायचा?

महापालिकेची निवडणूक होऊन वर्ष लोटले, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : दिलेल्या वचनांपैकी किती पूर्ण झाली? सत्ताधारी टक्केवारी सांगतात, विरोधक तीच टक्केवारी उलटी करून दाखवितात आणि मतदार दोघांवरही अविश्वास ठेवून आपल्या कामाला लागतो. या वादात एक मूलभूत गोष्ट बाजूला राहते. वचन देणाऱ्याच्या हाती ते पूर्ण करण्याचा अधिकार होता काय, आणि नसल्यास तो कोणाकडे होता, हे ठाऊक असल्याखेरीज प्रगतीचे मोजमाप करता येत नाही. मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून मुक्त करण्याचे २०१७ मधील वचन हे याचे बोलके उदाहरण आहे. ते वचन पूर्ण झाले. पण त्यास जवळपास पाच वर्षे लागली, आणि अखेरचा शब्द महापौरांचा नव्हे, तर मंत्रिमंडळाचा ठरला.

वचनापासून देयकापर्यंत

२०१७ च्या महापालिका निवडणुकीपूर्वी शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचे आणि ५०० ते ७०० चौरस फुटांच्या घरांना सवलत देण्याचे वचन दिले. २१ फेब्रुवारी रोजी मतदान झाले. २२७ जागांपैकी शिवसेनेला ८४ व भारतीय जनता पक्षाला ८२ जागा मिळाल्या. राज्यात एकत्र सत्तेत असलेले हे दोन पक्ष महापालिकेत परस्परांविरुद्ध लढले होते. भाजपने महापौरपदाची निवडणूक न लढविता ‘पहारेकऱ्या’ची भूमिका घेण्याचे जाहीर केले आणि ८ मार्च २०१७ रोजी शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले.

सभागृहाने त्याच वर्षी करमाफीचा ठराव केला. महापालिकेच्या पातळीवर जे करता येण्यासारखे होते, ते येथे संपले. ठराव राज्य शासनाकडे गेला आणि तेथे दीर्घकाळ पडून राहिला. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होण्याच्या तोंडावर, मार्च २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली. मात्र माफी मिळाली ती केवळ ‘सर्वसाधारण करा’पुरती. ‘मालमत्ता कर’ या एका नावाखाली नागरिकाच्या हाती जे देयक पडते, त्यात अनेक कर एकत्र बांधलेले असतात : सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, पथ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर आणि वृक्ष उपकर. मतदाराने ऐकले होते ‘मालमत्ता कर माफ’. देयकावर कमी झाला तो एक रकाना. बाकीचे रकाने तसेच राहिल्याने हे वचन पाळले की मोडले, यावर पुढे बराच काळ वाद झडत राहिला.

या अर्धवटपणाचे मूळ केवळ राजकीय अनास्थेत शोधणे पुरेसे नाही. देयकातील प्रत्येक कराचा कायदेशीर उगम वेगळा आहे. महापालिकेचे स्वतःचे कर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली येतात. राज्य शिक्षण उपकर १९६२ च्या स्वतंत्र राज्य कायद्याने आकारला जातो. महापालिका तो केवळ वसूल करून शासनाकडे भरते. वृक्ष उपकराचा आधार १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्यात आहे. साहजिकच सभागृहातील बहुमताच्या बळावर संपूर्ण देयक शून्यावर आणणे कोणत्याही महापौराला शक्य नव्हते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. वचन देणाऱ्या पक्षाचे प्रमुख उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि महापौरपदी किशोरी पेडणेकर आल्या. महापालिका व राज्य या दोन्हींची सूत्रे एकाच पक्षाच्या नेतृत्वाकडे असतानाही आणखी दोन वर्षे गेली. १ जानेवारी २०२२ रोजी मुख्यमंत्र्यांनी संपूर्ण माफीची घोषणा केली व त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. सुमारे १६ लाख घरांना त्याचा लाभ होईल आणि महापालिका व राज्य मिळून वर्षाला सुमारे ४६२ कोटी रुपयांच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल, असे शासनाने त्या वेळी सांगितले. सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. म्हणजे वचनपूर्तीचा हा निर्णय मुदतीच्या अखेरच्या दोन-तीन महिन्यांत आला. ५०० ते ७०० चौरस फुटांच्या घरांना सवलत देण्याच्या वचनाचा मात्र या निर्णयात समावेश नव्हता.

खुर्ची मानाची, अधिकार आयुक्तांचे

या प्रवासात महापौर कोठे होते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर कायद्यात आहे. १८८८ च्या अधिनियमाने महापालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे सोपविले आहेत, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवितात, कामकाजाला दिशा देतात. पण कार्यादेश काढणे, कर्मचाऱ्यांकडून काम करून घेणे, कंत्राटदाराला दंड करणे ही कामे त्यांची नव्हेत. पैशाच्या दृष्टीने खरे वजन स्थायी समितीला असते. ठरावीक मर्यादेवरील कंत्राटे तिच्यापुढे येतात आणि अर्थसंकल्पही आयुक्त प्रथम तिलाच सादर करतात. महापौरांचा कार्यकाळही अडीच वर्षांचाच. त्यामुळे पाच वर्षांच्या वचनाला सहसा दोन महापौर लाभतात आणि हिशेबाच्या वेळी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

कोलकात्यात १९८० च्या कायद्याने महापौर परिषद आली व कारभाराची सूत्रे निवडून आलेल्या महापौरांकडे गेली. महाराष्ट्रातही १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे तशी पद्धत आणण्यात आली होती. परंतु वर्षभरातच ती गुंडाळण्यात आली. नगरपरिषदांत तर नेता कसा निवडावा याबाबतच एकवाक्यता राहिलेली नाही. नगराध्यक्षांची थेट जनतेतून निवड २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आणली गेली. मुंबईत ते ब्रिटिशकालीन सूत्र आजही कायम आहे : मते मागतो लोकप्रतिनिधी, कारभार करतो अधिकारी.

१९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले. बाराव्या परिशिष्टात नगररचनेपासून दिवाबत्तीपर्यंत १८ विषय नमूद केले. पण त्यांपैकी कोणते विषय व किती अधिकार द्यायचे, हे राज्य विधिमंडळांवर सोडले. मुंबईच्या करमाफीचा ठराव मंत्रालयात रेंगाळला, त्यामागे हीच रचना आहे.

पैसा कोठून येणार होता?

वचन दिले गेले त्याच वर्षी महापालिकेच्या तिजोरीचे स्वरूपही बदलत होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात बंद झाली. तिच्या बदल्यात राज्य शासनाकडून नुकसानभरपाई मिळू लागली. जुलै २०१७ मधील पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटी रुपयांचा होता. जकात महापालिका स्वतः वसूल करीत असे. भरपाईसाठी तिला शासनाकडे पाहावे लागते. अशा स्थितीत मालमत्ता कर हा महापालिकेच्या हक्काच्या उत्पन्नाचा मुख्य आधार ठरला, आणि नेमक्या त्याच्याच एका भागावर पाणी सोडण्याचे वचन दिलेले होते.

छोट्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला दिलासा मिळाला, यात वाद नाही. परंतु वचन देताना ‘ही तूट कशातून भरून काढणार’ याचे उत्तर दिले गेले होते काय, हा प्रश्न उरतोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात जाहीरनाम्यातील आश्वासने हा लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये भ्रष्ट आचार ठरत नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वेळी जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास निवडणूक आयोगास सांगितले. त्यानुसार आश्वासनामागील तर्क आणि निधीचा मार्ग पक्षांनी ढोबळपणे तरी सांगावा, अशी अपेक्षा आयोगाने व्यक्त केली. वचनभंगाला मात्र शिक्षा नाही. ती देण्याचे काम मतदारावरच सोपविलेले आहे.

अर्थसंकल्पाचे तीन रकाने

मग मतदाराने काय पाहावे? घोषणा, भूमिपूजने आणि फलक यांपेक्षा अर्थसंकल्पाच्या पुस्तकातील तीन रकाने अधिक खरे बोलतात : मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. मुंबई महापालिकेचा २०१६-१७ चा अर्थसंकल्प ३७ हजार ५२ कोटी रुपयांचा होता. पुढील वर्षी, म्हणजे वचननाम्याच्या पहिल्याच वर्षी, तत्कालीन आयुक्त अजोय मेहता यांनी तो २५ हजार १४१ कोटींवर आणला. प्रत्यक्षात खर्चच न होणाऱ्या फुगीर तरतुदी काढून टाकणे, हे त्याचे मुख्य कारण होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे काम झाले, असे नव्हे. तरतुदीचा आकडा हा हेतू सांगतो. प्रगती सांगतो तो खर्चाचा आकडा.

मोठ्या प्रकल्पांबाबत आणखी एक पायरी तपासावी लागते, ती परवानग्यांची. मुंबईचा किनारी रस्ता महापालिकेच्याच पैशातून उभा राहिला. २०१८ मध्ये काम सुरू झाले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सागरी किनारा नियमनाखालील मंजुरी रद्द केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे नेण्यास मुभा दिली. रस्त्याचा पहिला टप्पा ११ मार्च २०२४ रोजी खुला झाला, तेव्हा महापालिकेत ना महापौर होते, ना नगरसेवक. काम सुरू होताना सभागृहात असलेले आणि उद्‌घाटनाचे श्रेय घेणारे वेगळे होते.

हिशेब मागण्यातील सर्वांत मोठी अडचणही हीच. मार्च २०२२ नंतर प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांच्या वादात मुंबईची निवडणूक अडकली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत कारभार प्रशासकांकडे राहिला. जवळपास चार वर्षे शहराचे हजारो कोटींचे अर्थसंकल्प मांडले गेले व मंजूर झाले. पण एकाही अर्थसंकल्पावर निवडून आलेल्या सभागृहाने चर्चा केली नाही. आधीच्या वचननाम्यातील अपुऱ्या बाबींचे काय झाले, हे विचारायला सभागृहच नव्हते.

आता लोकप्रतिनिधी परतले आहेत आणि त्यांच्याबरोबर नवी वचनेही. त्यांचा आढावा घेताना ‘किती टक्के पूर्ण’ या प्रश्नाऐवजी प्रत्येक वचनाला चार प्रश्न विचारावेत. हे महापालिकेच्या अधिकारातले आहे की राज्याच्या? सभागृहाचा ठराव कोणत्या तारखेला झाला? निधी तरतुदीत आहे की खर्चात? आणि नागरिकाच्या देयकात, नळात किंवा रस्त्यात त्याचा कोणता फरक दिसला? ज्या वचनाला राज्याची संमती लागते, त्याचा पाठपुरावा केल्याची पत्रे महापौरांनी दाखवावीत. जे वचन महापालिकेच्याच अधिकारातले आहे, त्याबाबत मंत्रालयाकडे बोट दाखविण्याची मुभा त्यांना नसावी. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. ठराव, पत्रव्यवहार व खर्च ही सारी कागदपत्रे त्याखाली मागता येतात. करमाफीच्या वचनाला २०१७ मध्येच हे प्रश्न विचारले गेले असते, तर मुंबईकराला पहिल्या वर्षीच कळले असते, की आपण ज्यांना मत दिले त्यांच्या हाती देयकाचा एक भागच होता, आणि उरलेल्यासाठी दाद मंत्रालयात मागावी लागणार होती.