दुर्बिणीचे भिंग पुसण्यापूर्वी

शाळेच्या दुर्बिणीतून चंद्र धूसर दिसू लागला, की तुमचा हात प्रथम कोठे जातो? बहुधा खिशातल्या रुमालाकडे. विद्यार्थी मित्रांनो, जरा थांबा!

भिंगावर बसलेल्या धुळीत वाळूचे, म्हणजेच क्वार्ट्‌झचे बारीक कण असतात. मोहसच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आहे; भिंगाची काच साधारणतः ५ ते ६ च्या दरम्यान येते. तेव्हा धुळीने भरलेले भिंग कोरड्या रुमालाने घासणे म्हणजे त्यावर पॉलिश पेपर फिरवणेच होय. मी शाळेत असताना हा पराक्रम केला आहे. सदऱ्याच्या टोकाने भिंग अगदी चकचकीत केले आणि रात्री पाहतो तो चंद्राभोवती पांढुरके धुके! बारीक ओरखड्यांवरून प्रकाश विखुरत होता. सर रागावले नाहीत. भिंगाकडे नुसते पाहत राहिले.

शिवाय भिंग म्हणजे नुसती काच नव्हे. ते उजेडात तिरपे धरा. जांभळट किंवा निळसर झाक दिसली, तर त्यावर लेप आहे असे समजा. बहुधा तो मॅग्नेशियम फ्लोराइडचा असतो आणि त्याची जाडी असते मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी! उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पाच सुटी भिंगे म्हणजे दहा पृष्ठभाग. गणित करून पाहा. जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. हे नुकसान टाळणाऱ्या लेपाची रीत जर्मनीतील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. आज साध्या द्विनेत्रीपासून नेमबाजाच्या रायफलीवरील दुर्बिणीपर्यंत असे लेप आढळतात.

मग भिंग साफ कसे करावे? आधी रबरी फुगा दाबून हवेच्या झोताने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. उरलेले कण मऊ, कोऱ्या कुंचल्याने हलकेच झटका. बहुतेक वेळा काम येथेच संपते. चार कण राहिले तरी बिघडत नाही; ते प्रतिमेच्या नाभीत नसल्यामुळे डोळ्यांना दिसतच नाहीत.

बोटांचे तेलकट ठसे मात्र काढावेच लागतात. भिंग पुसण्याचा खास कागद, किंवा खळ पूर्ण गेलेले, धुऊन मऊ झालेले मलमल घ्या. त्यावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब टाका. थेंब कापडावरच टाका, भिंगावर नको. द्रव कडेने आत शिरतो. मध्यापासून कडेकडे, न दाबता फिरवा आणि दर वेळी कापडाची नवी बाजू घ्या. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. जवळ पेटता दिवा नको, कारण हा द्रव चटकन पेट घेतो. रांगोळी, राख, दंतमंजन यांना भिंगाजवळ फिरकू देऊ नका.

कोकणात तर पावसाळ्यात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तिच्यातून स्रवणारी आम्ले लेप आणि काच खातात, आणि तो डाग पुसून जात नाही. म्हणून जून उजाडण्यापूर्वीच दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.