डॉक्टरांशीं बोलावें कसें?

१६ वर्षांचा मुलगा डॉक्टरांपुढें बसतो आणि त्याचें पोट कोठें दुखतें, हें आई सांगते! पुढें तोच वसतिगृहांत एकटा आजारी पडला, कीं "बरें वाटत नाहीं" यापलीकडे त्याला कांहीं सुचत नाहीं.

निदान बरेंचसें रुग्णाच्या हकीकतीवर अवलंबून असतें. म्हणून दुखण्याला नांव देण्यापेक्षां त्याचा क्रम सांगावयास मुलांना शिकवावें: आरंभ केव्हां झाला, कशानें वाढतें, कोणतीं औषधें घेतलीं. पेनिसिलीन सोसत नसेल तर तें कोणी न विचारतांही सांगावें. तें सांगावयाचें राहिल्यास प्रसंगीं प्राणावर बेततें. लाज वाटणारी तक्रार चिठ्ठीवर लिहून पुढें ठेवली तरी चालतें. औषध केव्हां व किती घ्यावयाचें, हें मुलानें स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवावें, म्हणजे गैरसमज तेथेंच दूर होतो.

प्रश्न विचारणें किंवा कागदपत्रें मागणें हा उद्धटपणा, अशी समजूत अनेक सुशिक्षित घरांतही आढळते. वस्तुतः भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीं, रुग्णानें मागितलेलीं उपचारांचीं कागदपत्रें ७२ तासांत देण्याचें बंधन डॉक्टरांवर घातलें.

पुढच्या भेटींत आईनें थोडें गप्प बसावें. मुलगा अडखळला तरी त्याला बोलूं द्यावें.